मार नेमका का बसला? 'सेकिरो'ची झाडाझडती

'सेकिरो' या व्हिडिओ गेममधला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, गेनिचिरो आशिना तलवार भोसकतो आणि खेळाडू मरतो. चित्रफीत इथेच थांबवूया. ॲक्शन गेम जोखताना पहिला प्रश्न हाच: मार का बसला हे खेळाडूला कळलं का? ग्राफिक्स, कथा, शस्त्रांची संख्या हे सगळं नंतर.

तपासायला घेतलाय 'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस'. मार्च २०१९, जपानचं फ्रॉमसॉफ्टवेअर, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेमचा मान यालाच मिळाला. इतकं कौतुक झालेल्या गेमचे दोष सहसा कुणी नीट मोजत नाही.

मोजायचं कसं? प्रत्येक वाराचे तीन भाग असतात: उगारणं, लागणं आणि सावरणं. सेकंदाला ६० फ्रेमचं, म्हणजे ६० स्थिर चित्रांचं, रेकॉर्डिंग यूट्यूबवर थांबवा. पूर्णविरामाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे सरकते, स्वल्पविरामाच्या कळीने मागे. एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. डोळ्यांनी पाहून बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेम लागतात. त्याहून कमी वेळात उगारलेला वार पाहून अडवता येत नाही, फक्त अंदाजाने किंवा आधीच्या हालचालीवरून ओळखून अडवता येतो. असे वार असायला हरकत नाही. पण त्यांच्या आधी काहीतरी खूण हवी.

बटणाचा उशीरही तपासावा. फोनचा सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा आणि कंट्रोलरवरचं बोट आणि स्क्रीन एकाच चौकटीत घ्या. बोट खाली गेल्यापासून तलवार हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. टीव्हीचा गेम मोड चालू करायला विसरू नका, नाहीतर टीव्हीचं पाप गेमच्या माथी बसेल.

आता सेकिरोचं बलस्थान: पोश्चर, म्हणजे तोल. शत्रूचा तोल ढळेपर्यंत त्याला दाबत राहायचं आणि तोल गेला की एका घावात संपवायचं. खरी चतुराई पुढे आहे. शत्रूची प्राणशक्ती जितकी कमी, तितकं त्याचं पोश्चर सावकाश सावरतं. म्हणजे सुरुवातीला रक्त काढायचं, मग तोल मोडायचा. नुसतं मागे हटत राहिलं तर शत्रू सावरतो आणि केलेली मेहनत वाया जाते. आपलं पोश्चर मात्र बचावाचं बटण धरून ठेवलं की लवकर सावरतं. आणि अचूक वेळी परतवलेला वार साध्या अडवण्यापेक्षा वेगळा वाजतो, ठिणगीही मोठी उडते. आपली वेळ साधली की चुकली, हे कान सांगतात.

त्यानंतर येतं शत्रूच्या खास वाराआधी पडद्यावर झळकणारं लाल अक्षर. अडवून भागणार नाही असा वार येतोय, एवढंच ते सांगतं. कोणता, ते सांगत नाही. भोसकणारा असेल तर मिकिरी या डावाने पायाखाली दाबायचा किंवा परतवायचा, पायावर येणारा असेल तर उडी मारायची, पकड असेल तर बाजूला पळायचं. अक्षर पाहून घाबरणारा मरतो, शस्त्राकडे पाहणारा वाचतो. अवघड आहे, पण अन्याय नाही.

अन्याय कुठे होतो ते पाहायचं असेल तर साखळदंडातल्या ओगर या राक्षसाकडे या. त्याची पकड फ्रेम-फ्रेम पाहा: हात शरीरापासून दूर दिसत असतानाही खेळाडू ओढला जातो, अशी अनेकांची जुनी तक्रार आहे. हिटबॉक्स (वार लागला असं गेम जिथे धरतो तो भाग) आणि चित्र जुळत नसेल तर शिकायचं काय?

कॅमेरा हा त्याहून मोठा दोष. पाठ भिंतीला लागली की तो अंगावर चढतो, लॉक-ऑन (शत्रूवर खिळलेली नजर) सुटतो आणि नेमका त्याच क्षणी वार येतो. राक्षसी वानरासारखा धिप्पाड शत्रू जवळ आला की त्याचं शरीरच पडदा झाकतं. इथे हरलेल्या खेळाडूने काहीच चुकीचं केलेलं नसतं. उपाय तात्पुरता आहे: लढाई मोकळ्या जागेत ओढत न्या, आणि मोठ्या शत्रूसमोर लॉक-ऑन सोडून कॅमेरा स्वतः फिरवा.

नायकाच्या कृत्रिम हाताची हत्यारं वापरायला स्पिरिट एम्ब्लेम नावाची खर्च होणारी चिन्हं लागतात. बॉसकडून हरलात तरी लढाईत खर्च झालेली परत मिळत नाहीत. म्हणजे ज्याला हत्यारांचा सराव हवा, तोच आधी कंगाल होतो आणि किरकोळ सैनिक मारत हिंडतो. नवशिक्याला आधार म्हणून दिलेली गोष्ट नवशिक्यालाच महाग पडते.

सरावाची सोय मात्र आहे. पडक्या मंदिरात अमर हानबेई उभा असतो. मिकिरी, उडी, परतवणं सगळं त्याच्यावर हवं तितकं घोटता येतं. बॉसशी पुन्हा भिडायची सोय मात्र मूळ गेममध्ये नव्हती, ती ऑक्टोबर २०२० च्या मोफत अपडेटने आली. तेव्हापासून हरवलेल्या गेनिचिरोला मूर्तीपाशी, म्हणजे गेममधल्या विसाव्याच्या जागी, बसून परत बोलावता येतं.