शिडी आधी आपल्याच कोठीला

[दृश्य: बेळगाव कॅम्प. चर्चमागची कौलारू कोठी, तिला टेकवलेली शिडी, खाली पोरांची रांग.]

उपासना सुटली की चहाच्या किटलीभोवती गर्दी होते. ‘सलाम पाळकसाहेब’, ‘सलाम आज्जी’ चालू असतं, आणि तरुण संघाची पोरं तेवढ्यात मागच्या अंगाला सटकतात. मार्चपासून दर रविवारी हेच. मागं जुनी कोठी आहे. मोडकी बाकं, फाटक्या सतरंज्या, नाताळचा गोठा, सगळं तिथं कोंबलेलं. यंदा या कोठीच्या छपरावर आमचं शिक्षण चाललंय.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चोवीस जण खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवर पाच दिवस राहायला जाणार आहोत. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं. मलप्रभा नदी याच बाजूला उगवते. पाऊस एकदा लागला की दोरीवरचं कापड चार-चार दिवस वाळत नाही.

गेल्या वर्षीही गेलो होतो, दुसऱ्या गावाला. शाळेची भिंत रंगवली. झाडं, फुलपाखरं, दोन भाषांतली मुळाक्षरं. फोटो झकास आले. ऑगस्टात सहज परत गेलो, तर फुलपाखरांवरून काळे ओघळ उतरलेले. वरची कौलं फुटकी, पाणी भिंतीतनंच येत होतं. शेजारच्या आज्जींनी घरात बोलावलं. चहा देताना त्यांनी माजघरातली बादली पायानं हळूच बाजूला सारली. बादलीत टप टप चालू होतं. त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही.

म्हणून यंदा फेब्रुवारीतच चौघं पाहणीला गेले. रंगाचे डबे न घेता. काय हवंय, एवढंच विचारलं. दोन दिवस सगळे ‘काही नको, या की जेवायला’ म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी खरं बाहेर आलं: शाकारणी. वाडीतली तरणी मंडळी गोव्यात कामाला. गणपतीला येतात, पण तोवर निम्मा पाऊस पडून गेलेला असतो. ज्या सात घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत, तिथं छपरावर चढणार कोण?

[दृश्य: हातोहात खाली येणारी कौलं. ब्रशनं शेवाळ घासणाऱ्या मुली.]

शाकारणी म्हणजे कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, कौलांखालची कुजलेली रीप, म्हणजे लाकडी पट्टी, काढून नवी ठोकायची आणि सगळं परत लावायचं. ऐकायला सोपं. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरतं. शंभर कौलं हातातून गेली की खांदे बोलायला लागतात. उतरवताना आढ्याकडनं खाली यायचं, लावताना वळचणीपासनं वर जायचं. वरच्या कौलाची कड खालच्यावर चढली पाहिजे. उलटं झालं तर पाणी सरळ घरात. पाय कौलाच्या मधोमध ठेवायचा नाही, खाली वासा असेल तिथंच टाकायचा. आणि कौल उचलण्याआधी काठीनं टकटक करायची, कारण खाली विंचू असतो. हे शिकवायला चर्चमधलेच एक निवृत्त गवंडीकाका येतात. पहिल्या रविवारी पोरांनी अकरा कौलं फोडली. काकांनी तुकडे मोजून ओळीत मांडून ठेवले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

अठराच्या आतलं कुणीही शिडीवर चढणार नाही, हा नियम पालकांच्या संमतीपत्रातच लिहिलाय. धाकटी खाली: घासणं, मोजणं, पोचवणं. मुलींच्या मुक्कामाला दोन बायका सोबत. रानात जाताना पायभर कपडे, आणि संध्याकाळी अंगावर गोचीड आहे का ते बघायचं. याला हसणाऱ्यांना आमची नर्सताई गोचिडीपासून होणाऱ्या माकडतापाची गोष्ट सांगते. 1957 मध्ये शिमोग्याकडं हा ताप पहिल्यांदा ओळखला गेला, 2016 मध्ये शेजारच्या दोडामार्गात माणसं दगावली. हसू थांबतं. साप चावला तर करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही. हात-पाय हलू न देता गाडीत घालून सरकारी दवाखाना गाठायचा. जुलाब लागले तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे तर आता झोपेतही सांगतील.

तारखेचा घोळ मात्र सीमेवरचाच. कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात, महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या पोरांच्या परीक्षा तेव्हा चालूच असतात. मेच्या मध्यापर्यंत थांबावं तर वळीव गाठतो, आणि उघड्या छपरावर वळीव म्हणजे संपलंच. बसचाही हिशेब वेगळा. जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट, त्यामुळं आमच्या मुलींना शून्याचं तिकीट मिळतं. चंदगडच्या दोघींच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता, त्यांना पुरं तिकीट. त्यांच्या एसटीत म्हणे अर्धं पडतं. त्या दोघींचे पैसे वर्गणीतून द्यायचे ठरलं, तर त्याच ऐकेनात.

ग्रामपंचायतीचं पत्र कन्नडमध्ये लागतं. कन्नड माध्यमात शिकलेल्या एका मुलीनं ते लिहिलं. त्यातली एक ओळ तीनदा बदलली: आम्ही फक्त छपरांचं काम करू, धर्माचं बोलणार नाही, पत्रकं वाटणार नाही. डिसेंबर 2021 मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते याच शहरात, सुवर्णसौधमध्ये. तेव्हापासून चर्चची पोरं कुठं निघाली की थोरांच्या कपाळाला आठी पडते. पण ओळ भीतीपोटी घातली म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. छप्पर गळणाऱ्या माणसाला आधी ऐकून घ्यायला लावणं आम्हालाच बरं वाटेना. एका मुलानं विचारलं, ‘मग चर्चचं नाव लावून जायचंच कशाला?’ बेळगावात मिशन आलं 1820 मध्ये. तेव्हापासूनच्या शाळा-दवाखान्यांचा इतिहास ऐकत वाढलेला मुलगा तो. त्या रविवारी बैठक लांबली, किटली दोनदा भरली. उत्तर ठरलं नाही. येणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव अजून आहे.

[दृश्य: काळवंडलेलं आभाळ. कोठीच्या पत्र्याच्या पन्हाळीवर पहिले थेंब.]

काल दुपारी अवचित वळीव आला. एप्रिल अजून संपायचाय. सगळे चर्चच्या पायऱ्या सोडून कोठीत पळाले आणि माना वर करून उभे राहिले. आम्हीच लावलेलं छप्पर. पाच मिनिटं काही नाही. एकानं टाळी वाजवायला हात उचलले, आणि नाताळच्या गोठ्यातल्या मेंढरावर थेंब पडला. मग बाकावर दुसरा.

काकांनी खिशातनं खडू काढून खाली दोन फुल्या मारल्या. पाऊस उघडला की शिडी परत लावायची आहे.