पायथन जेव्हा पहिली प्रोसेस होते

मित्रहो, नमस्कार. आजचा विषय पायथनचे प्रोग्राम डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालवणं. या दोघांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे पायकॉन ही पायथनची परिषद भरली होती. डॉटक्लाउड या कंपनीचे सॉलोमन हाइक्स तिथे जेमतेम पाच मिनिटं बोलले आणि त्या पाच मिनिटांत त्यांनी डॉकर पहिल्यांदा लोकांसमोर मांडलं.

त्यामागचं तंत्र त्या वेळीही नवं नव्हतं. प्रोग्रामला फाइल सिस्टिमचा एकच कोपरा दाखवणारं 'सीएचरूट' युनिक्समध्ये १९७९ सालचं. फ्रीबीएसडीचे 'जेल' २००० चे. प्रोसेसनं किती मेमरी आणि किती सीपीयू वापरावा यावर मर्यादा घालणारे 'सीग्रुप' गूगलच्या इंजिनिअरांनी लिहिले आणि २००८ मध्ये ते लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आले. डॉकरनं हे सगळं एका सोप्या कमांडमागे आणलं आणि प्रोग्राम, त्याचा इंटरप्रिटर, त्याच्या लायब्ररी हे सारं एका इमेजमध्ये बांधून दुसऱ्या मशीनवर जसंच्या तसं नेता येईल अशी सोय केली. स्क्रिप्टिंग भाषांना याची गरज सर्वांत जास्त होती. गो भाषेतला प्रोग्राम कंपाइल केला की एकच फाइल उरते, ती उचलायची आणि सर्व्हरवर ठेवायची. पायथनच्या फाइलला मात्र नेमक्या आवृत्तीचा इंटरप्रिटर लागतो, पिप या पॅकेज उतरवणाऱ्या साधनानं आणलेली पॅकेजेस लागतात, आणि त्या पॅकेजेसना सी भाषेतल्या लायब्ररी लागतात.

इथे एक गैरसमज मुळातच काढून टाकायला हवा. कंटेनर हा छोटा संगणक आहे असं समजून पुष्कळ जण काम करतात. प्रत्यक्षात ती यजमान मशीनच्या कर्नेलवर चालणारी एक साधी प्रोसेस असते. लिनक्स सर्व्हरवर बाहेरून 'पीएस' ही प्रोसेसची यादी देणारी कमांड चालवून पाहा, कंटेनरमधला पायथन तुम्हाला कुठल्यातरी चार-पाच आकडी क्रमांकानं दिसेल. आत जाऊन पाहिलंत तर त्याच प्रोसेसचा क्रमांक १ असतो. नेमस्पेस या कर्नेलच्या सोयीमुळे तिला फक्त तिचंच जग दिसतं.

हा १ क्रमांक नुसता आकडा नाही. युनिक्समध्ये पहिली प्रोसेस म्हणजे घरातला कर्ता. ज्यांची पालक प्रोसेस संपली त्या अनाथ प्रोसेस तिच्याकडे येतात, आणि त्या मेल्या की त्यांची शेवटची नोंद तिनंच मिटवायची असते. तिला एक संरक्षणही आहे. ज्या सिग्नलसाठी तिनं स्वतः हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, लावलेला नाही, तो सिग्नल कर्नेल तिच्यापर्यंत पोहोचवतच नाही; बाहेरून आलेला, प्रोसेस तडकाफडकी मारणारा सिगकिल मात्र याला अपवाद. घरी टर्मिनलवर लिहिलेल्या आपल्या स्क्रिप्टला ही जबाबदारी कधी ठाऊक नसते.

आता 'डॉकर स्टॉप' दिल्यावर काय होतं ते पाहा. डॉकर पहिल्या प्रोसेसला सिगटर्म पाठवतं, म्हणजे 'आवरून घे' असा निरोप. मग दहा सेकंद वाट पाहतं आणि शेवटी सिगकिल पाठवतं. पायथन सुरू होताना सिगइंटसाठी, म्हणजे कंट्रोल-सी दाबल्यावर येणाऱ्या सिग्नलसाठी, हँडलर लावतो, म्हणून कंट्रोल-सीला तो प्रतिसाद देतो. सिगटर्मसाठी लावत नाही. त्यामुळे निरोप वाया जातो, दहा सेकंद तशीच जातात आणि प्रोग्राम मध्येच तोडला जातो. शेवटची आवराआवर करणारा 'फायनली'मधला कोड चालत नाही. अर्धी लिहिलेली फाइल अर्धीच राहते. रांगेतून उचललेलं काम झालं की नाही, ते कुणालाच कळत नाही. अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या कुबर्नेटीसमध्ये हीच मुदत मुळात तीस सेकंदांची असते, बाकी कथा तीच.

उपाय तीन-चार ओळींचा आहे. 'सिग्नल' मॉड्यूल घ्या, सिगटर्मसाठी एक फंक्शन नोंदवा आणि त्यात 'सिस डॉट एक्झिट' बोलवा. मग 'फायनली' चालतं, कनेक्शन नीट बंद होतात. कंटेनर सुरू करायला तुम्ही शेल स्क्रिप्ट ठेवली असेल, तर तिच्या शेवटच्या ओळीत पायथनच्या आधी 'एक्झेक' लिहाच. नाहीतर शेलच पहिली प्रोसेस होऊन बसतं आणि निरोप त्याच्यापाशी अडकतो. प्रोग्राम आतून दुसरे प्रोग्राम चालवत असेल, तर 'डॉकर रन'ला 'इनिट' हा पर्याय द्या. मग टिनी नावाचा छोटासा प्रोग्राम पहिला क्रमांक घेतो, सिग्नल पुढे पोहोचवतो आणि मेलेल्या प्रोसेसची नोंद मिटवतो. जावास्क्रिप्टच्या नोडवाल्यांनीही हे मनावर घ्यावं, कारण तिथेही हीच अडचण येते.

याला लागूनच लॉगचा प्रश्न येतो. आउटपुट टर्मिनलवर जात नसेल तर पायथन ते लगेच बाहेर सोडत नाही, बफरमध्ये साठवतो. सिगकिल आला की तो बफर गेला. म्हणजे प्रोग्राम का पडला हे सांगणाऱ्या ज्या शेवटच्या ओळी, नेमक्या त्याच हरवतात. पायथनला 'वजा यू' हा पर्याय द्या, प्रत्येक ओळ तत्काळ बाहेर येईल. मला ही सवय प्रत्येक इमेजमध्ये सक्तीची वाटते.

कर्नेल सामायिक असल्याचा आणखी एक परिणाम. कंटेनरला तुम्ही एकच सीपीयू दिलात, पण यजमान मशीनला बत्तीस आहेत. 'ओएस डॉट सीपीयू काउंट' बत्तीसच सांगतं. तो आकडा धरून वर्कर, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या प्रोसेस, सुरू केले की बत्तीस प्रोसेस एका सीपीयूवर झगडतात आणि मेमरीची मर्यादा ओलांडतात. कर्नेल मग प्रोसेस मारून टाकतं, आणि ती पहिली प्रोसेस असेल तर कंटेनर १३७ या कोडनं बंद पडतो. १२८ अधिक ९. नऊ हा सिगकिलचा क्रमांक. पायथन ३.१३ पासून हा आकडा बाहेरून ठरवून देता येतो. जुन्या आवृत्तीत वर्करची संख्या स्वतः लिहा.

इमेज निवडताना आकारावर भाळून अल्पाइन या छोट्या लिनक्सची घेऊ नका. तिथे ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी आहे, म्हणून डेबियन या नेहमीच्या लिनक्सवर चालणारी तयार व्हील्स, म्हणजे आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस, तिथे चालत नाहीत. मसलसाठी वेगळी व्हील्स आता पुष्कळ पॅकेजेसची मिळतात, पण एखाद्याचं नसेल तर ते मुळापासून कंपाइल करत बसावं लागतं. डेबियनवरची 'स्लिम' इमेज घ्या.

आणि घड्याळ. कंटेनर सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. मध्यरात्रीचा अहवाल आपल्याकडे पहाटे साडेपाचला निघतो, आणि त्याआधीच्या व्यवहारांवर आदल्या दिवसाची तारीख पडते. वेळ यूटीसीतच साठवा, दाखवताना भारतीय करा.

शेवटी, नेहमी विचारला जाणारा प्रश्न: प्रत्येक स्क्रिप्टला कंटेनर हवाच का? माझ्या मते नाही. एकाच माणसानं एकाच लॅपटॉपवर चालवायच्या स्क्रिप्टला व्हेन्व, म्हणजे पॅकेजेस वेगळी ठेवणारं पायथनचंच साधन, पुरतं. तीच स्क्रिप्ट दुसऱ्याच्या मशीनवर किंवा सर्व्हरवर जायची असेल, तर इमेज बांधा, आणि बांधलीत की 'डॉकर स्टॉप' देऊन ती किती सेकंदांत थांबते ते एकदा मोजा.