पंधरा मिनिटांचा परदेश

श्रोतेहो, नमस्कार.

आत्ता तुमच्या घड्याळात जे वाजलं असेल त्यात पंधरा मिनिटं मिळवा. काठमांडूत तेवढे वाजलेत. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पाव तासानं पुढे, कारण त्यांनी आपली वेळ गौरीशंकर नावाच्या शिखरावरून जाणाऱ्या रेखांशावर बांधली आहे. तिथं राहायला गेल्यावर मला हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर मला वाटायचं की माझं घड्याळच मागं पडतंय. दर दोन दिवसांनी मी ते पुढे करायचो आणि रात्री आकाशवाणीच्या बातम्या लावल्या की पुन्हा मागे घ्यायचो.

मी मूळचा विट्याजवळच्या एका गावचा. सांगली जिल्ह्यातल्या श्रोत्यांना पुढचं सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव हा आमचा पट्टा दुष्काळी. पाऊस कधी आला तर आला. म्हणून आमच्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात पडली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणं. केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ पेठेत मागच्या बोळात शिरा, भट्टीपाशी कुणीतरी आमच्या बाजूचा भेटेल. गावात मोठमोठे बंगले आणि त्यांना कुलपं. यात्रेला चार दिवस उघडतात, पुन्हा बंद.

माझे मामा काठमांडूला होते. १९८७ साली, मी सोळा वर्षांचा असताना, ते मला घेऊन गेले. मुंबईहून गोरखपूर, तिथून बसनं सोनौली. सोनौलीला एक कमान आहे, तिच्याखालून माणसं, सायकली, बैलगाड्या, शेळ्या सगळे जा-ये करत होते. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. १९५० च्या जुलैत दोन्ही देशांचा जो मैत्री करार झाला, त्यात एकमेकांच्या देशात राहायची, धंदा करायची, फिरायची मोकळीक आहे. मला कुणी नावही विचारलं नाही. पलीकडच्या पहिल्याच टपरीवर मामांनी चहा सांगितला, तर टपरीवाला म्हणाला, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय पैसे देणार की नेपाळी. तेवढाच काय तो परदेश.

रात्रीची बस, त्रिशूली नदीच्या कडेकडेनं जाणारा रस्ता, मध्यरात्री मुग्लिनला ताटभर डाळ-भात. सकाळी काठमांडू. दुकानाच्या भिंतीवर दिनदर्शिका होती, तिच्यावर साल होतं २०४४. त्यांच्याकडे विक्रम संवत चालतो. मामा म्हणाले, "बघ, १९८७ ला निघालास आणि २०४४ ला पोचलास."

न्यू रोडच्या मागं एका गल्लीत दुकान होतं. दुकान कसलं, आठ बाय दहाची खोली. वर राहायची खोली, खाली शेजारी घरमालकिणीचं चहाचं दुकान. बाहेर सगळीकडे पाट्या: 'सुन चाँदी पसल'. लिपी आपलीच, त्यामुळं मी धडाधड वाचत सुटलो. पसल म्हणजे दुकान, हे मामांनी सांगितलं. पण सून? इथं काय सुना विकतात काय? सुन म्हणजे सोनं. मामा हसून हसून लाल झाले आणि पुढं दोन महिने गिऱ्हाइकाला तो किस्सा सांगत राहिले.

लिपी सारखी असली की माणूस फसतो. तमिळनाडूत गेलेला माझा चुलतभाऊ पहिल्या दिवसापासून सावध होता, कारण त्याला एक अक्षर कळत नव्हतं. मला सगळं कळल्यासारखं वाटायचं. पौषातली एक सकाळ आठवते. हात गारठून मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, धरवत नव्हती. घरमालकीण दारात येऊन म्हणाली, "भाइ, बाहिर आऊ, घाम लाग्यो." मी कपाळ पुसलं. कोरडं ठणठणीत. एवढ्या थंडीत मला घाम कुठला? नेपाळीत घाम म्हणजे ऊन. ऊन पडलंय, बाहेर ये, एवढंच ती सांगत होती. मी तिला दिदी म्हणायचो, ती मला भाइ म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तिथं नातं लावल्याशिवाय बोलायला सुरुवातच होत नाही. दाइ, भाइ, दिदी, बहिनी, यातलं एक ठरवायचं आणि मग बोलायचं. पाहुण्याला मात्र ते पाहुनाच म्हणतात. हा शब्द कानावर पडला की मला घरची आठवण यायची.

तोळ्याचीही तीच गंमत. आपल्या बाजारात आता दहा ग्रॅमचा तोळा झाला आहे. तिथं अजून जुना तोळा, ११.६६४ ग्रॅमचा, आणि त्याचे शंभर 'लाल'. सोन्याचा भाव रोज तोळ्यावर निघतो. आपल्या रुपयाला तिथं एक रुपया साठ पैसे, १९९३ पासून तेच. म्हणजे तोळा म्हणा, रुपया म्हणा, वेळ म्हणा, सगळीकडे शब्द तोच आणि आत माप वेगळं. मी पहिल्या वर्षात हिशोबात इतक्यांदा चुकलो की मामांनी माझ्याकडून वही काढून घेतली आणि भट्टीवर बसवलं.

भट्टीचं काम मला आवडायचं. जुना दागिना मुशीत वितळवायचा, त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळायची, मग ते तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायचं. तांबडा-पिवळा धूर निघतो, तो नाकात गेला की दिवसभर घसा जळतो. चांदी, तांबं तेजाबात विरघळून जातं आणि तळाला विटकरी भुकटी उरते. नवख्याला वाटेल वीट कुटून ठेवली आहे. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळवली की पिवळीधमक लगड. चांदी जाते कुठं? त्याच तेजाबात तांब्याची पट्टी सोडली की तिच्यावर राखाडी थर धरतो. तीच चांदी. गिऱ्हाईक हे सगळं उभं राहून बघतं, खुर्ची दिली तरी बसत नाही. काठमांडूत सोनारकाम करणारे बरेचसे शाक्य, नेवार समाजाचे. हात असा की आपण बघत राहावं. पण शुद्ध करायला सोनं आमच्याकडे द्यायचे. परक्याच्या हातात सोनं द्यायला ते तयार कसे झाले असतील, याचं मला नवल वाटायचं. मामांचं म्हणणं साधं होतं: "परका आहे म्हणूनच देतात. आपलं इथं गोत नाही, कुणाच्या घरात किती सोनं आहे हे आपण कुणाला सांगणार?"

श्रोतेहो, सगळं गोडच होतं असं नाही. १९८९ च्या मार्चमध्ये दोन्ही देशांचे व्यापाराचे करार संपले आणि भारतानं सीमेवरची बहुतेक नाकी बंद केली. रॉकेलसाठी, तिथं त्याला मट्टीतेल म्हणतात, रांगा लागल्या. त्या रांगेत मीही उभा असायचो आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "तुम्हीच बंद केलंत आणि तुम्हीच रांगेत?" 'धोती' ही तिथली आपल्यासाठीची शिवी. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, त्यांच्याच मधेसी लोकांनाही तीच. मी जन्मात धोतर नेसलेलो नाही.

मग २००० सालचा डिसेंबर. एक हिंदी नट नेपाळबद्दल वाईट बोलला अशी आवई उठली. तो तसं काही बोललाच नव्हता. पण दगडफेक सुरू झाली, भारतीय वाटतील ती दुकानं फुटली, माणसं मेली. आमच्या गल्लीत घोषणा ऐकू आल्या तेव्हा दिदीनं खस्सकन आमचं शटर ओढलं, आपला स्टोव्ह उचलून आणला, शटरसमोर मांडला आणि चहा ठेवून बसली. मी आत अंधारात, हातात पाण्याची बादली घेऊन, पेटत्या भट्टीपाशी. बाहेर कुणीतरी विचारलं, हे दुकान कुणाचं? ती म्हणाली, "मेरो." माझं. बस्स. पोरं पुढं गेली. संध्याकाळी तिनं त्या स्टोव्हच्या रॉकेलचे पैसे माझ्याकडून घेतले. मला ते फार बरं वाटलं.

आता मी जे सांगणार आहे ते गावात कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

२५ एप्रिल २०१५. शनिवार होता. तिथं शनिवारची सुट्टी, रविवारी कामाला. मी कौसीवर, म्हणजे गच्चीवर, कपडे वाळत घालत होतो. बाराला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. ७.८ चा भूकंप. वाळत घातलेली पँट माझ्यापासून लांब जाऊन पुन्हा तोंडावर आली, एवढंच त्या क्षणाचं मला स्पष्ट आठवतं. खाली धावलो तोवर पलीकडं धुळीचा लोट उठला होता. धरहरा मनोरा पडला हे नंतर कळलं. दुकानातल्या तेजाबाच्या बरण्या फुटून फरशीवर फेस उकळत होता. रात्र टुँडिखेलच्या मैदानात काढली, हजारो माणसांबरोबर, ताडपत्रीखाली. मी, दिदी, तिची सून, दोन नातवंडं. दुसऱ्या दिवशी पाऊस आला. जमीन अधूनमधून हलतच होती.

गावाकडून फोनवर फोन. आई रडत होती. भारत सरकारनं विमानं पाठवली होती, तीही फुकट. विमानतळाबाहेर रांग होती, मतदान ओळखपत्र दाखवायचं आणि उभं राहायचं. मी दिदीला म्हटलं, जाऊन येतो. ती म्हणाली, "जाऊ न." जा की. तिच्या आवाजात राग नव्हता, हे मी आजही स्वतःला सांगतो. अठ्ठावीस वर्षं तिच्या घरात राहिलो, तिच्या शटरआड जीव वाचवला आणि ती ताडपत्रीखाली असताना मी ओळखपत्र हातात घेऊन रांगेत जाऊन उभा राहिलो. दिल्लीला उतरलो तर आपल्या लोकांनी पाण्याची बाटली आणि बिस्किटं दिली. मी ती खाल्ली.

जूनमध्ये परत गेलो. घर तडकलं होतं, उभं होतं. लोक ढिगाऱ्यातून काढलेले दागिने मोडायला आणत होते. सिंधुपाल्चोकची एक बाई तिलहरी घेऊन आली. तिलहरी म्हणजे त्यांचं सौभाग्याचं लेणं, रंगीत मण्यांच्या माळेत ओवलेली सोन्याची पोकळ नळी. तिच्या नक्षीच्या खाचांत माती अडकली होती. मी ब्रशनं काढायला लागलो तर म्हणाली, राहू द्या, वितळल्यावर जाईलच. मग तिनं स्वतः दोरा तोडला, मणी पदरात बांधले आणि नळी तेवढी माझ्या हातावर ठेवली. वजन करताना मी माती धरून केलं. धंद्यात अशी चूक मी दुसऱ्यांदा केलेली नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांची नवी राज्यघटना आली आणि पाठोपाठ पुन्हा नाकी बंद. गॅसचं सिलिंडर अर्धंच भरून मिळायचं. मी पुन्हा रांगेत, मागून पुन्हा तेच बोलणं. फरक एवढाच की आता नेपाळीत उत्तर देता येत होतं, आणि मी देत नव्हतो. पुढच्या वर्षी दुकान भाच्याच्या हवाली केलं. विकण्यासारखं काही नव्हतंच, परक्याच्या नावावर तिथं जमीन होत नाही, सगळं भाड्याचं. दिदीनं निघताना शेवटच्या महिन्याचं भाडं पूर्ण घेतलं.

आता मी पुण्यात मुलाकडे असतो अधूनमधून. त्याच्या सोसायटीत रात्रीचा वॉचमन नेपाळी आहे. सगळे त्याला बहादूर म्हणतात. नाव त्याचं वेगळंच आहे, मी रजिस्टरमध्ये बघितलं. गाव अछाम, पार पश्चिमेकडचा डोंगरी जिल्हा. पहिल्या रात्री मी मोठ्या उत्साहानं खुर्ची ओढून बसलो आणि नेपाळीत विचारलं, भाइ, जेवण झालं का, घरी कोण कोण असतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हिंदीत म्हणाला, "हो गया साब. वो गाड़ी आपकी है क्या? गेट के सामने मत लगाइए."

मी उठलो आणि गाडी काढली.