पान्ह्याची नोंदवही

(दृश्य: टेबलावर छोटा वजनकाटा. त्यावर रिकामी बाटली.)

बाटलीचं वजन आधी होतं, रिकामी असतानाच. मग ती आईचं दूध काढणाऱ्या पंपाला लागते, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काट्यावर येते आणि दोन आकड्यांची वजाबाकी वहीत उतरते. बाटलीवर मिलिलिटरच्या रेघा असतातच की! पण थोडा फेस आला, बाटली जराशी कलली, की त्या रेघांचा भरवसा नाही. आणि खटपट करून जिला तीसच मिलिलिटर दूध मिळतं, तिच्या लेखी पाच मिलिलिटरची चूक छोटी नसते.

ही गोष्ट ब्रेस्ट पंपावरच्या संशोधनात भाग घेणाऱ्या आयांची.

(दृश्य: कागद. एका हातात पेन, दुसऱ्या हातावर झोपलेलं बाळ.)

पहिल्या भेटीत पंपाच्या आधी कागद समोर येतात. किती आठवडे, रोज किती वेळा, दुधाचा नमुना कुठे जाणार, नाव कोणाला दिसणार, सगळं त्यात असतं. नैतिकता समितीने मजकूर तपासलेला असतो. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४ साली हेलसिंकीत माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीचा जो जाहीरनामा स्वीकारला, त्याच परंपरेतला हा कागद. त्यातलं एक वाक्य दोनदा वाचावं: तुम्ही कधीही, कारण न देता अभ्यास सोडू शकता आणि त्याने तुमच्या किंवा बाळाच्या उपचारांत फरक पडणार नाही.

आता खरं सांगायचं तर, रात्री सलग दोन तासही न झोपलेल्या बाळंतिणीपुढे दहा पानं ठेवून 'इथे सही करा' म्हणणं याला संमती म्हणावं का, हा प्रश्नच आहे. कागद घरी न्यावा. निवांत वाचावा. आणि एक प्रश्न जरूर विचारावा: या अभ्यासाचा खर्च कोण करतंय? दूध काढण्याच्या पद्धतींवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने २०१६ साली आढावा घेतला, तेव्हा बऱ्याच चाचण्यांना पंप बनवणाऱ्यांचीच मदत असल्याचं दिसलं. त्याच आढाव्यात हेही आढळलं की मालिश, शेक, मन शांत करणारं काही ऐकणं, नुसत्या हाताने दूध काढणं, असे साधे उपायही काही बाबतींत महागड्या यंत्रांच्या तोडीस उतरतात. मदत घेतली म्हणजे निष्कर्ष खोटा, असं नाही. पण विचारायला हरकत काय?

(दृश्य: मोजपट्टी. पारदर्शक फनेल, वेगवेगळ्या मापांची.)

मग माप. स्तनाग्राची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात, कारण पंपाचं फनेल, म्हणजे स्तनावर ठेवायचा नरसाळ्यासारखा भाग, त्याला बसावं लागतं. खोक्यात बहुधा २४ मिलिमीटरचं येतं आणि तेच सगळ्यांचं माप आहे असं समजून बायका ते वापरत राहतात. डाव्या-उजव्याचंही माप कधीकधी सारखं नसतं. कित्येक महिने 'दुखणारच थोडंफार' म्हणून सोसलेलं दुखणं चुकीच्या फनेलमुळे होतं, हे एखादीला इथे, या पट्टीपुढे कळतं.

(दृश्य: पंपाची मोटर. आवाज आधी भरभर, मग संथ.)

हा ताल बाळाकडून घेतलेला. बाळ आधी भरभर, वरवर चोखतं. त्याने मेंदूकडे निरोप जातो, ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या बारीक पेशी आकसतात आणि पान्हा फुटतो. मग बाळ संथ, खोल ओढायला लागतं. अमेरिकेत १८५४ साली ब्रेस्ट पंपाचं पेटंट घेतलं गेलं, पण त्या काळच्या यंत्रांना ओढण्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. ओढ किती असावी, मध्ये उसंत किती, याचा हिशेब स्वीडनचे अभियंते आयनार एग्नेल यांनी १९५६ साली मांडला, तेव्हा कुठे यंत्र जरा माणसाळलं.

तरी ओढ वेगळी आणि पान्हा वेगळा. गाय पान्हा चोरते, हे दूध काढणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. माणसाच्या बाबतीत ते मोजलं मायकेल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने. साल १९४८. पाजताना आईचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, पायाची बोटं ओढायची, तोंडी गणितं घालायची! एरवी बाळाच्या पोटात सरासरी १६८ ग्रॅम दूध जायचं, ते ९९ ग्रॅमवर आलं. त्रास तोच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर १५३. म्हणजे दूध होतं, सुटत नव्हतं.

पण ती एकच आई, एकच बाळ. म्हणून आज पुष्कळ आया लागतात.

आणि म्हणूनच परक्या खोलीत, घड्याळ घेऊन बसलेल्या माणसासमोर काढलेल्या दुधाचा आकडा जपून वाचावा लागतो. बरेच अभ्यास आता पंप घरी देतात. एक आठवडा एक पंप, पुढचा आठवडा दुसरा. आधी कोणता, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. निवड आईचीही नाही, संशोधकाचीही नाही. दोन बायकांच्या दुधात इतका फरक असतो की प्रत्येकीची तुलना तिच्याच दुसऱ्या आठवड्याशी केलेली बरी.

(दृश्य: वही. वाकडंतिकडं अक्षर, एका पानावर दुधाचा डाग.)

वहीत रकाने असतात. सुरुवातीची वेळ. उजवा की डावा. ओढ कितीवर. पहिला थेंब कधी. दुखलं का, शून्य ते दहा. याआधी बाळाला कधी पाजलं. मध्यरात्रीच्या नोंदी सकाळी पाहाव्यात तर 'उजवा' लिहिलेलं आणि दाटलेला अजूनही उजवाच. अशा वेळी अंदाजाने दुरुस्ती करू नये, शंका आहे तेवढं लिहावं. राहून गेलेली नोंद कोरीच ठेवावी.

सगळ्यांत अवघड रकाना वजनाचा. आकडा लहान आला की आईच ओशाळते. एखादी तो लिहायचंच टाळते, एखादी थोडा वाढवून लिहिते. तपासणी पंपाची असते हो, तिची नव्हे. बाळ नुकतंच पिऊन झोपलं असेल तर बाटलीत थोडंच येणार. आणि पंपाने जे निघालं तेवढंच अंगावर दूध आहे, असंही नाही. बाळ किती पितं ते पाहायचं असेल तर पाजण्याआधी आणि नंतर बाळाचंच वजन करतात, त्याच कपड्यांत.

लहान आकडे गाळले, तर पंप कागदावर चांगला ठरेल. मग तो घेणारी पुढची बाई विचारेल, मलाच का येत नाही?

(दृश्य: नळाजवळ वेगळं घमेलं. फनेल, झडप, बाटली.)

एक रकाना मात्र क्वचितच दिसतो: धुण्याचा. अमेरिकेत २०१६ साली अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला गंभीर जंतुसंसर्ग झाला आणि त्याचा माग ब्रेस्ट पंपापर्यंत लागला. त्यानंतर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने सूचना दिल्या: दर वापरानंतर सुटे भाग वेगळ्या भांड्यात धुवा, हवेवर सुकू द्या. जोडणं, काढणं, धुणं, सुकवणं धरलं तर 'पंधरा मिनिटांचा' पंप सहज अर्ध्या तासाचा होतो. तो वेळ कोणी मोजत नसेल, तर माझ्या मते अर्धाच अभ्यास झाला.

(दृश्य: छोटी कुपी, बर्फाचा डबा.)

नमुन्यासाठी थोडंसं दूध जातं. ते सगळं मिसळून घ्यायचं, कारण सुरुवातीचं दूध पातळ, शेवटचं दाट. प्रयोगशाळेत ते बारीक काचनळीत भरून गरगर फिरवतात आणि वर साचलेल्या सायीची उंची मोजतात. कुपी देताना आई विचारते, "उरलेलं बाळाला पाजता येईल ना?" स्वच्छ हाताळलं असेल तर बहुतेकदा येतं. पण विचारताना तिचा हात अजून कुपीवरच असतो.

(दृश्य: वहीचं शेवटचं पान.)

शेवटी 'शेरा' म्हणून मोकळी जागा असते. एकीने तिथे लिहिलंय:

"पंप लावला नव्हता. आत बाळ रडलं. दोन्हीकडून गळालं. मोजता आलं नाही."