भरती नसलेला समुद्र

नमस्कार मंडळी! आज जरा लांबच्या समुद्रावर जाऊया, भूमध्य समुद्रातल्या माल्टाला. म्हणजे खरं तर माल्टाशेजारच्या गोझो बेटावर, फेरीबोटीने पंचवीसेक मिनिटं लागतात, मागच्या जूनमध्ये आम्ही तिथे आठ दिवस राहिलो.

मी अलिबागकडची. आमच्याकडे समुद्रावर जायचं म्हणजे आधी भरती कधी ते बघायचं, कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं नि पाणी भरायच्या आत परत फिरायचं, हे अंगातच मुरलेलं. त्यामुळे पहिल्याच सकाळी मी हॉटेलातल्या मुलाला विचारलं, भरती किती वाजता? तो बघतच राहिला. आणि त्याचं बरोबरच होतं, कारण तिथे पाणी जेमतेम वीतभर वरखाली होतं! मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती असली की पेपरात इशारा येतो, आणि इथे हे. भूमध्य समुद्राला महासागराकडे नैसर्गिक दार एकच, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीचं, तेही अरुंदात जेमतेम १४ किलोमीटर, तिथून अटलांटिकची भरती आत यायची कुठून. आणि हा समुद्र स्वतः एवढा मोठा नाही की त्याची स्वतःची दणदणीत भरती यावी.

मग काय, खडकाला चक्क लोखंडी शिडी ठोकलेली असते, विहिरीत उतरावं तशी. सकाळी उतरा, संध्याकाळी उतरा, पाणी त्याच पायरीला. मला दोन दिवस उगाचच चुकल्यासारखं वाटत होतं.

पण पाणी! बेटावर मोठी नदी नाही, त्यामुळे गाळ नाही, खाली स्वतःची सावली दिसते. खारट मात्र भयंकर. लिटरमागे साधारण ३८ ग्रॅम मीठ, महासागरांची सरासरी ३५ धरतात. नद्या नि पाऊस जेवढं पाणी देतात त्याहून जास्त उन्हाने उडून जातं म्हणून. मार्सालफोर्न गावाच्या पुढे खडकात कोरलेली मिठागरं आहेत, चौकोन चौकोन, शेकडो. आपल्याकडे उरण-पेणला भरतीचं पाणी आपसूक आत घेतात, इथे भरतीच नाही तर पाणी वर चढवावं लागतं. मी एक पुडी मीठ घेतलं, आणि हो, समुद्राचं मीठ कौतुकाने घरी नेणारी मी काही पहिलीच नसेन.

काठावर कुठे कुठे तपकिरी पात्यांचा ढीग दिसतो, आमच्याबरोबरची एक ताई म्हणाली, शी, केवढा कचरा. कचरा नाहीये तो, पॉसिडोनिया नावाचं समुद्रातलं गवत आहे, शेवाळ नाही, खरं फुलं येणारं गवत, आणि त्या ढिगाने लाटांचा मार सोसून किनारा धरून ठेवलेला असतो.

जपायचं ते दोनच गोष्टींना. खडकावरचे काटेरी काळे गोळे, म्हणजे सी अर्चिन नावाचे प्राणी, त्यासाठी रबरी चपला घालाच. आणि छोटे जांभळे जेलीफिश, चावले तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, नळाच्या नाही, गोड्या पाण्याने आग वाढते.

माल्टाच्या भाषेत समुद्राला बाहार म्हणतात, अरबी मुळाचा शब्द. मला आपला बहर आठवायचा, संबंध काही नाही म्हणा, पण संध्याकाळी गरम पास्तित्सी खात, म्हणजे आतून चीज भरलेली कुरकुरीत पॅटिस हो, पाय पाण्यात सोडून बसलं की तोच शब्द तोंडात यायचा.

आईचा रोज फोन. शेवटच्या दिवशीही तेच, "पाण्यात जाताना भरती बघ गं!" म्हटलं, बघते.