तीस सेकंदांत आठ आवर्तनं

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या मंडळाला किंवा महाविद्यालयाला सलोख्यावर, नागरी शिस्तीवर रेडिओसाठी छोटं गाणं करायचं असेल, तर पहिला शब्द लिहिण्याआधी ताल मोजा.

केरवा हा ताल धरा, आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा. मिनिटाला १२८ मात्रांची लय ठेवली की तीस सेकंदांत ६४ मात्रा होतात, म्हणजे तालाच्या बरोबर आठ फेऱ्या, आठ आवर्तनं. पहिलं ढोलकीला, शेवटचं संस्थेच्या नावाला. शब्दांसाठी उरतात सहा. छोट्या अभंगाचा चरण आठ अक्षरांचा असतो. मात्रेला एक अक्षर. इतका सोयीचा साचा आपल्या घरातच आहे.

"उतरू द्या, मग चढा." मोजा, आठ अक्षरं. 'उतरू'चा उ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो, 'मग' पाचव्या मात्रेला, जिथून तालाचा हलका भाग सुरू होतो त्या 'खाली'वर. बोलतानाही आपण तिथेच थबकतो. पुण्यात पीएमपी बसच्या थांब्यावर उभ्या माणसाला काय करायचं ते लगेच समजतं. याच जागी 'सार्वजनिक शिस्त पाळा' घातलं, तर अक्षरं नऊ होतात, गाणारा एक गिळतो, आणि शिस्त म्हणजे नेमकं काय करायचं ते कळतच नाही.

सलोख्याचं गाणं याहून अवघड. सलोखा आणि बंधुभाव वाढवणं हे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली संविधानात आलं, कलम ५१क मध्ये. पण कलमाची भाषा गाण्यात उचलू नका. 'सहिष्णुता' हा शब्द तर टाळाच. रेडिओच्या मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा पोचत नाही, आणि स, श, ष यांची धार तिथेच असते. त्यात शेजारी कुकरची शिट्टी! धर्मांची यादीही नको. ऐकणारा आपलं नाव कितवं आलं ते बघत बसतो. त्यापेक्षा असं:

माझा लाडू तुझ्या दारी,
तुझा खुर्मा माझ्या घरी.

दिवाळी आली, ईद आली, नाव कुणाचंच घेतलं नाही. हे दोन चरण, मग दोन नवे, पुन्हा हेच दोन. झाली सहा आवर्तनं.

ध्वनिमुद्रण करताना माइक तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित तिरका ठेवा, म्हणजे प, फ, भ यांचा फुत्कार बसत नाही. शब्द सुरू झाले की ढोलकी खाली आणा. ढोलकी आणि गळा एकाच पातळीवर राहिले, तर छोट्या स्पीकरवर फक्त ठेका ऐकू येतो.

मग गाणं साध्या मोबाइलवर, मिक्सर चालू असलेल्या स्वयंपाकघरात, एकदाच वाजवा. शब्द आधी न वाचलेल्या माणसाला विचारा, "काय करायला सांगितलं?" 'चाल छान आहे' असं उत्तर आलं, तर शब्द पुन्हा लिहा. चालीला हात लावू नका.

आणि शेवटचा अर्धा सेकंद कोरा सोडा, त्या तीस सेकंदांतच. नाहीतर ढोलकीची आस, म्हणजे मागे घुमणारा नाद, विरायच्या आत पुढचा कार्यक्रम सुरू होतो.