हवेत किती, अंगात किती

(दृश्य: रबाळे एमआयडीसी. रंगाच्या छोट्या कारखान्यात थिनरचा ड्रम उघडला जातो.)

या थिनरमध्ये टोल्युईन आहे, रंग विरघळवणारा आणि लगेच वाफ होणारा द्रव. रंग पातळ करायला तेच, भांडी धुवायला तेच आणि शिफ्ट संपल्यावर हातावरचे डाग काढायलाही तेच. "सवय झाली, आता वासही येत नाही," असं ठाणे–बेलापूर पट्ट्यातले जुने कामगार सांगतात. वाफ तेवढीच असते, नाक सरावलेलं असतं. बेंझिन या अशाच दुसऱ्या द्रवाची फॅक्टरी कायद्यातली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत अर्धा भाग, म्हणजे 0.5 पीपीएम होती. त्याचा वास जाणवेपर्यंत ही मर्यादा सहसा ओलांडलेली असते. गटारात, सांडपाण्याच्या टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड तर प्रमाण वाढलं की वास घेण्याची शक्तीच बंद पाडतो. नाकावर भरवसा ठेवून टाकीत उतरलेली माणसं अशीच गेली आहेत.

(दृश्य: मिक्सरवर वाकलेला हेल्पर.)

पदार्थ किती घातक, हे त्याच्या सुरक्षा माहितीपत्रकात, म्हणजे एमएसडीएसमध्ये लिहिलेलं असतं. या हेल्परच्या अंगात तो किती जातो, हे त्यात नसतं. ते शेडमध्ये उभं राहून बघावं लागतं. झाकण उघडं आहे. एक्झॉस्ट छताजवळ आहे, त्यामुळे वाफ वर ओढली जाते ती याच्या तोंडासमोरूनच. हातमोजे नाहीत, आणि टोल्युईन त्वचेतूनही आत जातं. नाकावर बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. धुळीचा साधा मास्कही अडवत नाही.

(दृश्य: कमरेला छोटा पंप, कॉलरला काचेची नळी.)

आता मोजणी. पंप हवा नळीत ओढतो. नळी नाकाजवळ लावायची, कारण हवा तिथली हवी, ऑफिसच्या दारातली नको. समजा, ड्रम ओतण्याच्या दोन तासांत टोल्युईन 200 पीपीएम आणि उरलेल्या सहा तासांत 20 पीपीएम भरलं. आठ तासांची सरासरी येते 65. फॅक्टरी कायद्याच्या (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) दुसऱ्या परिशिष्टातली मर्यादा 100 होती. बरेच जण इथेच वही मिटतात. पण त्याच परिशिष्टात पंधरा मिनिटांसाठी वेगळी मर्यादा होती, 150. ओततानाचे ते दोन तास तिच्या वर आहेत. शिवाय अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची आठ तासांसाठीची शिफारस आज फक्त 20 ची आहे. कायद्यात बसलं म्हणजे निर्धोक झालं, असं शिकवणारं प्रशिक्षण मला अपुरं वाटतं.

आणि इथे आठ तासांवर थांबतो कोण? ओव्हरटाइम धरून बारा तास होतात. शरीरात जास्त जातं आणि बाहेर पडायला वेळ कमी मिळतो, म्हणून मर्यादाही खाली आणून धरायला हवी. कंत्राटी हेल्परचं नाव तर मोजणीच्या यादीत अनेकदा नसतंच, आणि ड्रम ओततो तोच.

(दृश्य: झाकण बसवलेला मिक्सर.)

उपाय शोधताना मास्क शेवटी येतो. आधी विचारायचं: टोल्युईनशिवाय चालेल का? डाग काढायला तर नक्कीच चालतं, साधी हात धुण्याची पेस्ट पुरते. मग ड्रम ओतण्याऐवजी बंद नळीने पंप करायचा. झाकण लावायचं, एक्झॉस्टचं तोंड भांड्याच्या काठाशी आणायचं. एवढं करूनही उरलं, तर योग्य कार्ट्रिजचा (वाफ शोषून घेणाऱ्या डबीचा) मास्क, आणि कार्ट्रिज कधी बदलायचं याची तारीख.

भोपाळनंतर, 1987 साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. आपल्या कामातल्या आरोग्याच्या धोक्यांची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला त्यात मिळाला. म्हणून मोजणीचा अहवाल फायलीत लावण्याआधी ज्याच्या कॉलरला नळी होती त्याला मराठीत, हिंदीत, त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा. आणि झाकण बसवल्यावर पुन्हा त्याच माणसाच्या कॉलरला, ड्रम रिकामा करण्याच्या त्याच कामाच्या वेळी, नळी लावा.